साहेबाचा शर्ट

“बाद!” असं म्हणताना त्यांचा उजवा अंगठा हवेत आडवा सरकायचा. गठ्ठ्यातून एखादा कागद बाजूला सारावा तसा. मग समोर कागद असो, उपमा असो, नाहीतर माणूस असो.

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत सगळे त्यांना काका म्हणायचे. उभी नोकरी त्यांनी नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये तपासणीच्या टेबलावर काढली. छापून आलेल्या कागदावर शाई फुटली आहे का, रेघ हलली आहे का ते पाहायचं आणि दोष असलेला कागद बाजूला काढायचा. सरकारने त्यांना वेळेवर निवृत्त केलं, पण त्यांच्या डोळ्यांना तसा आदेश कोणी दिला नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर तपासायला आम्ही उरलो.

सोसायटीला नवा रंग दिला तेव्हा सगळे कौतुकाने वर पाहत होते. काका म्हणाले, “तिसऱ्या मजल्यावर ब्रश उलटा फिरलाय. बाद.” गणपतीची आरास पाहून म्हणाले, “उंदीर देवापेक्षा मोठा झालाय. बाद.” सेक्रेटरीच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली, ती त्यांनी उजेडात धरून पाहिली. का, ते विचारण्याची सेक्रेटरीची हिंमत झाली नाही.

तुमच्याही इमारतीत असा एक माणूस असेलच. जिन्यात तो दिसला की आपण मोबाइल कानाला लावतो. मी शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत असल्याने मला ती सोय नव्हती. मागच्या उन्हाळ्यात काका गेले. ते असते तर हा मजकूर दुसऱ्या ओळीतच बाद झाला असता, म्हणून इतके दिवस लिहिला नाही.

त्यांनी बाद केलेल्या गोष्टींमध्ये त्यांचा जावईही होता.

एकुलत्या एक वैशालीने सुमेधशी लग्न केलं. सुमेध आमच्याच शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणजे माझा सहकारी. सासऱ्याच्या शेजारी राहायचं आणि जावयाबरोबर डबा खायचा, असं दुहेरी पुण्य माझ्या वाट्याला आलं होतं. काकांच्या मते यात जातीचा काही प्रश्न नव्हता. “आम्ही जात मानत नाही, सर,” हे ते कोणी न विचारता सांगायचे, आणि एकदा सांगून त्यांचं समाधान व्हायचं नाही. त्यांचे आक्षेप निराळेच होते. मुलगा मास्तर, म्हणजे पगार बेताचा. हे ते मला सांगायचे, आणि मीही मास्तर आहे हे त्यांना ठाऊक होतं. मुलगा नाटकात काम करतो. मुलगा नाशिक रोडला विहाराच्या मागच्या गल्लीत राहतो आणि तिथे पार्किंगची फार अडचण आहे. काकांकडे गाडी नव्हती.

लग्नाला ते गेले नाहीत. नंतर वैशाली दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा काका आतल्या खोलीत पेपर वाचत बसले. मग तिनेही येणं सोडलं.

काकू मात्र दर रविवारी भजनी मंडळात जायच्या. हे मंडळ नाशिक रोडला भरायचं. त्याची वर्गणी नव्हती, टाळ नव्हते आणि काकूंना एकही नवा अभंग येत नव्हता. पण परतताना त्यांच्या पिशवीत जवसाच्या चटणीचा डबा असायचा. वैशालीच्या हातची ती चटणी काका आठवडाभर खायचे आणि कुठून आली हे विचारायचे नाहीत. छपाईतली हललेली रेघ शोधणाऱ्या माणसाला एवढी चटणी दिसू नये, याला फार प्रयत्न लागत असणार.

एका संध्याकाळी काकूंनी मला जिन्यात गाठलं. “सर, यांना सुमेधच्या नाटकाला घेऊन जा. कोण आहे नाटकात, ते सांगू नका.”

“आणि ओळखलं तर?”

“ओळखू दे की. थिएटरातून उठायला शेजाऱ्याचे गुडघे ओलांडावे लागतात. यांना ते जमत नाही.”

नाटक स्पर्धेचं होतं, त्यामुळे सगळे जण मोठ्याने बोलत होते. काळ तीनशे वर्षांपूर्वीचा, सुरतेच्या वखारीचा. पडदा उघडून जरा वेळ होतो न होतो तोच सुमेध इंग्रज व्यापारी होऊन आला. चेहऱ्याला इतकी पावडर की नाक शोधावं लागत होतं. काका खुर्चीत ताठ झाले. मी गुडघे घट्ट जुळवून बसलो. ते उठले नाहीत. मध्यंतरात चहा प्याले. नाटक संपल्यावर पायऱ्या उतरताना त्यांनी अंगठा सरकवला.

“साहेबाचा शर्ट बाद.”

“शर्ट?”

“छातीवर खिसा होता. खिशावर शाईचा डाग होता. तीनशे वर्षांपूर्वी बॉलपेन होतं का?”

“तो शाळेतलाच शर्ट असेल. आणि साहेब कसा वाटला?”

“साहेबाबद्दल मी काही बोललो का?”

खरंच बोलले नव्हते. काकूंनी त्या रात्री शिरा केला.

एवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले? नातवाच्या वयाच्या पोरांनी पाहायचे व्हिडिओ ते पाहू लागले. कुठल्या तरी थंड देशातली एक बाई खिडकीशी बसून जुन्या पद्धतीचा लिननचा शर्ट हाताने शिवते आणि इंग्रजीत हळू आवाजात बोलते. काकांना इंग्रजी उच्चार समजत नव्हते, तरी बाईची शिवण समजली. आठवडाभराने त्यांनी मला बोलावून घेतलं. चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता.

“सर, अख्ख्या शर्टात एकही गोलाई नाही! सगळे चौकोन. अंग म्हणजे एक लांब पट्टा, बाह्या म्हणजे दोन चौकोन, काखेत छोटे चौकोन. एक चिंधी वाया जात नाही. काहीच बाद नाही!”

मी कागदावरची आकृती पाहिली. शर्ट कसला, पाथर्डी फाट्याजवळच्या एखाद्या बिल्डरचं प्लॉटिंग वाटत होतं. तसं मी म्हटलंही. ते हसले नाहीत.

“आणि लिनन कशाचं होतं माहितीये? जवसाचं! त्याच्या काड्यांचा धागा काढतात.”

“म्हणजे आपण ज्याची चटणी खातो, त्याचा ते लोक शर्ट घालतात,” काकू आतून म्हणाल्या.

चटणीचं नाव निघालं. मग काकांनी कागदाची घडी घातली.

कापड आणायला मी त्यांच्याबरोबर मेन रोडला गेलो. ही चूक मी कोणालाही करू देणार नाही. खरं लिनन कागदासारखं जळून राख होतं आणि भेसळ असली की वितळून त्याचा मणी होतो, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून पहिल्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, कापडांच्या ढिगाऱ्यासमोर बसून त्यांनी कापडाचा एक धागा ओढला आणि खिशातून काडेपेटी काढली. त्या दुकानातून आम्ही चालत बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानातून आम्हाला बाहेर काढण्यात आलं. तिसऱ्या दुकानाच्या मालकाने स्वतःच पानाच्या टपरीवर जाऊन धागा जाळून आणला. राख पाहून काकांनी मान डोलावली. मालकाला वाटलं आपल्याला पदक मिळालं.

शिवणकाम सोसायटीच्या बाकावर चालायचं, कारण घरात उजेड बाद होता. ज्या माणसाने जन्मात स्वतःच्या शर्टाला बटण लावलं नव्हतं, तो बोटात लोखंडी टोपी घालून, दोऱ्याला मेण लावून, कापडावर वाकून बसलेला पाहायला शेजारच्या इमारतीतूनही लोक यायचे. बारीक टाके घालायचे, चष्मा काढून पाहायचे, “बाद” म्हणायचे आणि उसवायचे. दिवसाचं काम संध्याकाळपर्यंत निम्म्याने कमी व्हायचं.

सेक्रेटरी फार समजूतदार माणूस. तो म्हणाला, “काका, आमच्याकडे शिलाई मशीन आहे. घेऊन जा हवं तर.”

“तीनशे वर्षांपूर्वी तुमच्याकडे होतं का?”

सेक्रेटरी निघून गेला. त्याच्याकडे तेव्हा नव्हतं.

“अहो, हा शर्ट आहे की उड्डाणपूल?” काकू वरून विचारायच्या. “पूर्ण कधी होणार?”

गळ्याच्या चिरेखाली काकांनी बदामाच्या आकाराचा एक चिमुकला तुकडा शिवला. ओढाताणीत कापड फाटू नये म्हणून जुन्या शर्टांना तो असायचा. काकूंनी तो बोटाने चाचपून पाहिला. “लग्नाला इतकी वर्षं झाली. मला कधी असा बदाम दिला नाही.”

“तो मजबुतीसाठी आहे,” काका म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

मग माप अडलं. हा शर्ट ढगळ असतो, पण गळपट्टी आणि मनगटाच्या पट्ट्या बेताच्या लागतात. काकू म्हणाल्या, मी रविवारी मंडळात जाते तेव्हा आणते. सगळ्यांना सगळं माहीत असूनही हे वाक्य फार उघडं पडलं. काका म्हणाले, “दुसऱ्याने घेतलेलं माप बाद.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “सर, तुमच्या घरी येऊ शकतील का ते?”

‘ते’. तोवर सुमेधचा उल्लेख ‘तो मुलगा’ असा व्हायचा, आणि तोही नाइलाज झाला तरच.

सुमेध शाळा सुटल्यावर माझ्या घरी आला. काका टेप घेऊन आधीच बसले होते. नमस्कार नाही, कसे आहात नाही. शिंप्याच्या दुकानात सुद्धा याहून जास्त बोलणं होतं.

“मान.”

सुमेधने कॉलर खाली केली. काकांनी टेप फिरवला, दोन बोटं आत घालून सैल केला.

“श्वास घ्या. सोडा. हात पुढे करा.”

सुमेधने घड्याळ काढून हात पुढे केला. काकांनी त्याचं मनगट धरलं. माप घ्यायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ धरलं.

“बारीक आहे,” ते म्हणाले. “जेवता ना नीट?”

सुमेधने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

“वैशाली डबा देते रोज.”

काकांनी टेप गुंडाळला. तो गुंडाळायला त्यांना फारच वेळ लागला. “पाणी देता का, सर,” एवढंच म्हणाले.

शर्ट झाला तेव्हा नाटक अंतिम फेरीत गेलं होतं. नाटक पुढे गेलं याचं आम्हाला सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं, दिग्दर्शक सोडून. शर्ट मांडीपर्यंत लांब, बाह्यांना खांद्यापाशी आणि मनगटाशी बारीक चुण्या, आणि टाके इतके लहान की ते आहेत यावर विश्वास ठेवावा लागे. अंतिम फेरीला काका स्वतः तो पिशवीतून घेऊन रंगपटात आले. मी सोबत होतो. सुमेधने तो घातला आणि खरंच साहेब दिसू लागला. पावडर होतीच.

दिग्दर्शकाने शर्ट पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. “वा! पांढराशुभ्र! साहेबाचं मरण पडद्यामागे नको. विंगेत सुरा लागेल, मरायला तो समोर येईल. या शर्टावर रक्त काय उठून दिसेल!”

सुमेध म्हणाला, “अजिबात नाही.”

“अरे, कला आहे ही!”

“कला दुसऱ्या शर्टावर करा. हा हाताने शिवलाय. किती महिने, ते यांना विचारा.”

दिग्दर्शक काकांकडे वळला. हा शिंपी असावा असा त्याचा समज झालेला दिसला. काका मात्र सुमेधकडे पाहत होते.

“रक्त लागलं पाहिजे,” ते म्हणाले.

“काय?”

“माणूस सुऱ्याने मरतो आणि शर्ट स्वच्छ? बाद.”

“बाबा, तुम्ही मधे पडू नका!” सुमेध ओरडला.

रंगपटात दाढ्या चिकटवणारे हात थांबले. त्याने या माणसाला आजवर कशानेच हाक मारली नव्हती. पहिली हाक मारली ती भांडायला.

“मधे कोण पडतंय? शर्ट माझा आहे,” काकाही आवाज चढवून म्हणाले.

“अंगात मी आहे!”

“म्हणूनच सांगतोय! लोक तुमच्याकडे बघणार आहेत. शर्टाकडे नाही.”

अंकाच्या शेवटी विंगेत रंगभूषाकाराने लाल रंग लावायला घेतला, तर काकांनी त्याच्या हातातून वाटी काढून घेतली. सुरा डाव्या बाजूला आणि रक्त पोटावर, हे त्यांना चाललं नाही. ज्या कापडावर हळदीचा कण पडू नये म्हणून महिनोन्महिने काकूंना त्या बाकाजवळ डबा उघडू दिला नव्हता, त्यावर त्यांनी स्वतःची चार बोटं लाल रंगात बुडवून दाबली. “जा,” म्हणाले. “पडताना उजव्या कुशीवर पडा. लागेल नाहीतर.”

सुमेध चांगला मेला. नाटक मात्र बक्षिसाशिवाय राहिलं. वेशभूषेचं बक्षीस ज्या नाटकाला मिळालं, त्यात एका विधवेने झगमगत्या जरीची नवी पैठणी नेसली होती. काकांनी त्यावर काही मत दिलं नाही, कारण तेवढ्यात रंगपटाच्या दारात वैशाली उभी होती.

इतक्या वर्षांनी बापलेक समोरासमोर आले. काकांनी हातातला शर्ट पुढे केला.

“थंड पाण्यात भिजव. गरम पाणी नको.”

वैशालीने तो घेतला नाही. “बाबा, शर्ट शिवला म्हणजे झालं का?”

काकांनी शर्टाची बाही सरळ केली.

“मेलेल्या साहेबाचा खिसा तुम्हाला खुपला. त्याच्यासाठी डोळे फोडून घेतलेत. माझ्या घरी पाणी प्यायला मात्र आला नाहीत. सुमेधच्या आई दर दिवाळीला विचारतात, तुझे वडील आजारी असतात का गं. मी हो म्हणते.”

काकांचा अंगठा जागचा हलला नाही. माझी पंचाईत अशी की रंगपटाला एकच दार होतं आणि त्यात वैशाली उभी होती.

“रविवारी जेवायला या,” ती म्हणाली. “यायचं असेल तर. सुई-दोरा आणू नका.” मग शर्ट घेतला आणि गेली.

पहिल्या रविवारी काकांची पाठ दुखत होती. पुढच्या रविवारी सोसायटीची टाकी साफ होत होती आणि तिथे त्यांच्यावाचून चालणार नव्हतं. टाकी साफ करणाऱ्यांना याची कल्पना नव्हती. काकू मुकाट्याने मंडळात जाऊन आल्या. त्या खेपेस त्यांनी चटणी आणली नाही. जेवताना काकांनी ताटात दोनदा पाहिलं म्हणे.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी माझी बेल वाजली. काका इस्त्रीचे कपडे घालून उभे होते. हातात पेढ्यांचा पुडा.

“तुमची स्कूटर चालू आहे का, सर?”

“आहे ना. कुठे जायचंय?”

“नाशिक रोड. मला त्या बाजूचा पत्ता नीट सापडत नाही.”

ज्या गल्लीबद्दल ते बोलत होते ती त्यांच्या रोजच्या रस्त्याला लागून होती. उभ्या नोकरीत प्रेसची बस तिच्या तोंडावरून गेली होती. पण माणसाला पत्ता सापडत नसेल, तर शेजाऱ्याने मदत करायला हवी. मी त्यांना बायकोचं हेल्मेट दिलं. त्यावर फुलं होती. तेही त्यांनी बाद केलं नाही, यावरून परिस्थिती किती गंभीर होती ते तुमच्या लक्षात येईल.

उपनगरच्या सिग्नलला त्यांनी मागून माझा खांदा धरला. “सर, परत फिरू या का?”

हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही, अशी एक सोयीची समजूत आहे. मी तिचा फायदा घेतला.

दार काकूंनीच उघडलं. हातात निवडायची कोथिंबीर होती.

“तू? भजनाला गेली होतीस ना?” काका म्हणाले.

“आज इथेच आहे भजन,” काकू म्हणाल्या. “चपला काढा.”

सुमेधच्या आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. “या भाऊ, बसा. तब्येत बरी हाय ना आता? लय दिवस आजारी होता म्हणे तुम्ही.”

वैशालीने खाली पाहिलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या माउलीकडे.

“आजारी नव्हतो, ताई,” ते म्हणाले. “मुद्दाम आलो नाही. माझं चुकलं.”

सुमेधच्या आईंनी मान हलवली. “ते आम्हाला म्हाईत होतं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पोरीला वाईट नको वाटायला म्हणून मी आजारी म्हणायचे.” आणि पाण्याचा तांब्या-भांडं पुढे केलं.

काकांनी भांडं भरून घेतलं आणि संपवलं. पुन्हा पुढे केलं, पुन्हा संपवलं. तिसऱ्यांदा पुढे केलं तेव्हा वैशाली म्हणाली, “पुरे आता बाबा. जेवायचंय अजून,” आणि हसता हसता आत पळाली. तिचे डोळे पुसायला आत बरीच फडकी असावीत, कारण ती लवकर आली नाही.

रस्सा झणझणीत होता. काकांच्या नाकातून पाणी वाहत होतं. एका भाकरीवर ते थांबले, तर सुमेधने न विचारता दुसरी वाढली. ती त्यांनी खाल्ली. जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर जरा टेकतो म्हणाले आणि टेकल्या टेकल्या झोपले. तोंड उघडं, एक हात पलंगाखाली लोंबलेला. वैशालीने त्यांच्या नाकावरचा चष्मा अलगद काढून खिडकीत ठेवला. सुमेधने त्यांचा हात उचलून छातीवर ठेवला आणि पंखा एक घर वाढवला.

निघायची वेळ झाली म्हणून मी उठलो. काकांना हाक मारणार, तर काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

“तुम्ही जा, सर. यांचं काही सांगता येत नाही आता.”

मी फुलांचं हेल्मेट स्कूटरच्या आरशाला अडकवलं आणि एकटाच इंदिरानगरला परत आलो.